मुलाला मॉडेलिंगला पाठवताय? या चुका टाळा

बेळगावच्या खडेबाजारातल्या साडीच्या दुकानाची जाहिरात असो की निपाणीतल्या सराफाचं कॅलेंडर, आपल्याकडे लहान मुलांचे फोटो आता सर्रास लागतात. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "पोरगी किती गोड दिसते, मुंबईला पाठवा की हिचे फोटो!" पाठवायला काहीच हरकत नाही. पण बहुतेक पालक पैशाच्या बाबतीत फसतात.

फोन साधारण असा येतो. "ताई, बाळाचं सिलेक्शन झालंय. बिस्किटाची मोठी ॲड आहे. रजिस्ट्रेशनचे पाच हजार आजच भरा, पहिल्या पेमेंटमध्ये परत मिळतील." ऑडिशनच झाली नाही तर सिलेक्शन कसलं, हे त्या आनंदात सुचत नाही. पुढे आयकार्डचे पैसे, मग ग्रूमिंगचे, मग पोर्टफोलिओचे, म्हणजे फोटोंच्या अल्बमचे. खऱ्या कामात पैसा कंपनीकडून मुलाकडे येतो आणि एजन्सी आपलं कमिशन त्यातूनच कापून घेते. आधी पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. हॉटेलच्या हॉलमध्ये बॅनर लावून भरवलेल्या 'टॅलेंट हंट'लाही हेच लागू.

पैसे भरून झाले असतील तर लाजेखातर गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा, चॅट आणि पावत्या जपून ठेवा आणि सीईएन (सायबर गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात तक्रार द्या. 'रिफंडसाठी प्रोसेसिंग फी' मागितली तर एक रुपयाही देऊ नका.

महागडा पोर्टफोलिओ लहान मुलाला लागतच नाही. दुधाचे दोन दात पडले की चेहरा बदलतो, फोटो वाया जातात. दिवसा खिडकीजवळ, साध्या भिंतीसमोर, मेकअप न करता मोबाईलवर काढा: समोरून, बाजूने, पूर्ण उंचीचा. सोबत नाव, वय, उंची सांगणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. आपली बरीच मुलं मराठीइतकीच सहज कन्नड बोलतात, तेही त्यात बोलून दाखवू द्या. बेंगळुरूच्या कामांसाठी ही मोठी जमेची बाजू आहे. फोटोत शाळेचा युनिफॉर्म किंवा घराची पाटी दिसू देऊ नका. कमी कपड्यातले फोटो कुणी कितीही 'प्रोफेशनल' कारण देऊन मागितले, तरी पाठवू नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवा.

रात्रीची स्लीपर पकडून मुंबई गाठण्याआधी व्हिडिओवर ऑडिशन घ्या म्हणून सांगा. पुढची फेरी असेल तर प्रवासखर्च कोण देणार, हे लेखी मागा.

आता कायद्याचं. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलाला जाहिरात, सिनेमा, मालिकेत कलाकार म्हणून काम करता येतं, पण शाळेचं नुकसान न होता. २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि सीमाभागातल्या पालकांचा घोळ नेमका इथे होतो. शूटिंग कोल्हापूरला असेल तर परवानगी कोल्हापूरची हवी, बेळगावच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसची नव्हे. तिची प्रत आधीच मागून घ्या.

मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव म्हणून ठेवावा लागतो. तेव्हा खातं आधीच उघडा. जन्मदाखला आणि आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग जुळतंय का पाहा. नावं कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलतात आणि मग बँकेत काम अडतं. करारात फोटो किती महिने आणि कुठेकुठे वापरणार, पैसे कोणत्या तारखेपर्यंत देणार, हे लिहून घ्या. पेमेंट दोन-तीन महिन्यांनी येणं या धंद्यात नेहमीचंच आहे.

सेटवर खरं काम थोडं आणि वाट पाहणं जास्त. कडक लाइट, टोचणारा फ्रॉक, जेवणाची वेळ टळलेली. घरचा डबा, नेहमीचे कपडे आणि तुम्ही स्वतः, तिन्ही तिथे हवं. मूल रडून 'नको' म्हणालं तर कोऑर्डिनेटर चिडेल, सगळ्यांचा दिवस वाया गेला म्हणेल. तरी त्याला उचला आणि बाहेर या. मनाविरुद्ध काम करून घ्यायला नियमांतच मनाई आहे.