हॅम मित्र गेल्यावर: शॅक, लॉग आणि आठवणीचा नेट

हौशी रेडिओत (तो चालवणाऱ्यांना हॅम म्हणतात) कुणी गेले की त्यांच्या कॉलसाइनपुढे, म्हणजे परवान्यातल्या ओळखचिन्हापुढे, ‘एसके’ लागते. मोर्समध्ये संभाषण पुरते संपल्याची जी खूण, तीच ही. बातमी आली की क्लबच्या व्हॉट्सअॅप गटावर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि दोन दिवसांत सगळे थंडावते. खरे काम त्यानंतर सुरू होते. गच्चीवर अँटेना उभी असते, खोलीत परवान्याशिवाय बाळगता न येणारी यंत्रे असतात आणि टेबलाच्या खणात उत्तर न गेलेली क्यूएसएल कार्डे, म्हणजे संपर्क झाल्याची पोच देणारी पोस्टकार्डे, असतात. घरच्यांना यातले काहीच हाताळता येत नाही. शोकसभा कुणीही घेऊ शकते. हे मात्र हॅमनाच जमते.

पहिल्या दिवशी फक्त वीज

अंत्यविधीच्या दिवशी शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, एकच काम करायचे, तेही घरच्यांना विचारून: चालू राहिलेली यंत्रे बंद करायची. पॉवर सप्लाय आणि बॅटरी चार्जर यांचे प्लग काढा. चार्जर बंद झाल्यावर बॅटरीची ऋण तार आधी सोडवा आणि टोकाला टेप गुंडाळा. धन तार आधी सोडवायला गेले आणि पाना शेजारच्या अर्थ केलेल्या धातूच्या खोक्याला टेकला, तर ठिणगी उडते. नुकत्याच चार्ज झालेल्या लेड-अॅसिड बॅटरीभोवती हायड्रोजन असतो. वळवाचे किंवा पावसाळ्याचे दिवस असतील तर कोअॅक्स केबल (अँटेनाची तार) रिगपासून, म्हणजे रेडिओ संचापासून, काढून खिडकीबाहेर टाका, नाहीतर गच्चीवर पडलेली वीज थेट टेबलावर येईल.

संगणक बंद करा, पण ‘भाच्याला देऊ या’ म्हणून कुणी तो फॉरमॅट करणार नाही एवढे घरी सांगून ठेवा. अनेकदा सगळा लॉग, म्हणजे संपर्कांची नोंद, त्यातच असतो. बाकी सारे तेराव्यानंतर, किंवा त्या घरातले जे विधी असतील ते आटोपल्यावर.

बातमी देताना

संदेशात नाव, कॉलसाइन, पहिला परवाना कोणत्या वर्षीचा, आवडते बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) आणि मोड (बोलणे, मोर्स वगैरे) एवढे पुरे. वर्ष आठवणीवर सोडू नका, परवान्यावरून घ्या. ‘२००१च्या भूज भूकंपात यांनी दिवसरात्र संदेश पोचवले’ असे वाक्य लिहायचे असेल तर आधी त्या जानेवारीचा लॉग उघडा. तेव्हा अनेक हॅमनी खरोखर काम केले होते. पण मृत्युलेखात ते सगळ्यांच्याच नावावर लागते आणि ज्याने केले त्याचेच मोल कमी होते.

घरचा पत्ता टाकू नका आणि घरात कोणती यंत्रे आहेत त्याचा उल्लेखही नको. ‘रिग विकायची आहे का?’ असा पहिला फोन कधीकधी दहाव्याच्या आत येतो.

आठवणीचा नेट

नेट म्हणजे ठरलेल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी जमणे. रविवारी सकाळी साडेआठ ते दहा ही वेळ महाराष्ट्रासाठी ७ मेगाहर्ट्झवर सोयीची पडते. त्याआधी आयनांबर, म्हणजे रेडिओलहरी परतवणारा वातावरणाचा थर, पुरेसे आयनित झालेले नसते. पुण्याच्या स्टेशनला नाशिक ऐकू येत नाही आणि चेन्नई मात्र खणखणीत येते. सूर्यास्तानंतर पुन्हा तेच होते, शिवाय परदेशी स्टेशनांची गर्दी वाढते. म्हणून नेट कंट्रोल (नेटची सूत्रे सांभाळणारा) एकच ठेवला तरी रिले देणारी, म्हणजे न पोचलेले बोलणे पुढे पोचवणारी, दोन स्टेशने लांबची निवडा, एक विदर्भातले आणि एक कोल्हापूर किंवा कोकणाकडचे. भारतात हा बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ आहे. त्यात एक मुख्य फ्रिक्वेन्सी आणि १० किलोहर्ट्झ वर एक पर्यायी, दोन्ही आधीच जाहीर करा. हातातला, जवळपासच पोचणारा व्हीएचएफ सेट एवढेच ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी स्थानिक रिपीटरवर (ऐकलेले पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या यंत्रावर) अर्धा तास वेगळा ठेवा. दोन्ही एकदम चालवू नका.

नेट कंट्रोलने पंधरा मिनिटे आधी येऊन ऐकावे, फ्रिक्वेन्सी वापरात आहे का हे दोनदा विचारावे. वीस स्टेशने येतील असे धरा. प्रत्येकी दीड मिनिट दिले की अर्धा तास होतो. रिपीटरवर तर हे बंधन यंत्रच पाळायला लावते: बऱ्याच रिपीटरांचा टाइमर तीन मिनिटांच्या आसपास सलग बोलणे तोडतो आणि आठवण सांगणाऱ्याला ते कळतही नाही. ‘एक आठवण, एक मिनिट’ असे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

मौनाची अडचण वेगळीच आहे. एचएफवर (७ मेगाहर्ट्झसारख्या लांब पल्ल्याच्या बँडवर) पूर्ण मिनिटभर शांतता ठेवली तर नुकताच बँडवर आलेला माणूस फ्रिक्वेन्सी रिकामी समजतो आणि सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का’ अशी हाक, देऊ लागतो. चूक त्याची नसते. मौन तीस सेकंदांचेच ठेवा, आणि एका रिले स्टेशनकडे एवढेच काम द्या की कुणी आलेच तर ‘फ्रिक्वेन्सी वापरात आहे, कृपया थांबा’ असे शांतपणे सांगायचे. त्याच्यावर ओरडू नका.

मौनानंतर मोर्समध्ये समारोप. गेलेल्या सभासदाच्या कॉलसाइनने प्रक्षेपण करायचे नाही. तो त्यांच्या परवान्याचा भाग आहे, क्लबचा नव्हे. चालवणाऱ्याने आधी स्वतःचा किंवा क्लबचा कॉलसाइन द्यावा, मग मजकुरात त्यांचा कॉलसाइन एकदा, मग ७३ (‘शुभेच्छा’) आणि शेवटी एसके. वेग मिनिटाला १२ शब्द ठेवा, म्हणजे एक डिट (आखूड सूर) १०० मिलिसेकंदांचा आणि एक डा (लांब सूर) ३०० चा. एसके ही एकच सलग खूण आहे: डिट डिट डिट डा डिट डा. बरेच जण इथे एस आणि के अशी दोन अक्षरे सुटी देतात. मध्ये तीन डिटांची फट पडली की ती खूण राहत नाही, आणि नेमक्या याच जागी जुन्या ऑपरेटरांचे कान टवकारलेले असतात. घाईत हात चुकण्याची भीती असेल तर आदल्या दिवशी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, लहरी बाहेर न सोडणारा भार) सराव करा.

घरच्यांना ऐकता यावे म्हणून एका सभासदाने रिसीव्हर घेऊन त्यांच्याकडे बसावे. मुलगा-मुलगी परदेशात असतील तर महाराष्ट्राच्या जवळचा एखादा वेब रिसीव्हर शोधून त्याचा दुवा पाठवा. नेटच्या आदल्या रविवारी त्याच वेळी तो नीट ऐकू येतो का तेही बघा. मायक्रोफोन घरच्यांच्या हातात देऊ नका. त्यांना काही सांगायचे असेल तर ते लिहून घेऊन ऑपरेटरने वाचावे. सगळा नेट रेकॉर्ड करा आणि साधी एमपी३ फाइल त्यांना द्या.

शॅकमधली यादी

दोघांनी जायचे आणि दोघांपैकी कुणीही त्यातले काही विकत घेणारा नसावा. हा नियम मोडला की क्लबात पुढची पाच वर्षे कुजबुज चालते. वहीत प्रत्येक वस्तूचे मॉडेल, सिरियल नंबर, सोबतचे सामान (माइक, पॉवर केबल, पुस्तिका, मूळ खोके) आणि अवस्था लिहा. ‘चालते’ एवढे लिहून भागत नाही. ५० ओहमचा डमी लोड लावून प्रत्येक बँडवर किती वॅट मिळतात ते मोजा. एकाच बँडवर पॉवर पडत असेल तर बहुधा त्या बँडचा फिल्टर किंवा रिले (यंत्रातला विजेचा स्विच) गेलेला असतो आणि किंमत थोडीच उतरते. सगळ्याच बँडवर पडत असेल तर शेवटच्या टप्प्यातले ट्रान्झिस्टर तपासायला लागतील. प्रत्येक वस्तूची किमान आणि कमाल अशी दोन आकड्यांत किंमत लिहा आणि वही घरच्यांकडेच ठेवा.

व्हॉल्व्हचा लिनियर अॅम्प्लिफायर असेल तर झाकण उघडू नका. प्लेटला २००० ते ३००० व्होल्ट असतात, आणि कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर जळालेला असेल तर प्लग काढून बराच काळ लोटला तरी तो कपॅसिटर जीव घेऊ शकतो. हॅन्डसेटच्या फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या वेगळ्या काढून ई-कचऱ्यात द्या. मीटरमधले पेन्सिल सेलही काढून टाका, गळले की सर्किट खातात.

परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, तो वारसाकडे जात नाही. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेला कळवण्याचे पत्र क्लबने तयार करून द्यावे, वारसाने फक्त सही करावी. यंत्रे परवानाधारकालाच द्यायची. घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत आणि सिरियल नंबर लिहिलेली पावती घरी राहू द्या.

मोर्स की (मोर्स ठोकायची कळ) मात्र विकायच्या यादीत घालण्याआधी घरच्यांना दाखवा. ठेवायची म्हणाले तर सागवानी पाटीवर बसवून द्या. पितळ चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका: वर्षानुवर्षे बोटांनी आलेली झाक जाते आणि भेगांत पांढरी पूड बसते. मऊ कापड पुरे. कॉन्टॅक्टला सँडपेपर नको, जाड कागदाची पट्टी दोन्ही टोकांमध्ये धरून हळूच ओढा.

गच्ची

अँटेना उतरवण्याची घाई सोसायटीला असते, घरच्यांना नसते. महिनाभराची मुदत लेखी मागा. चाळीस मीटरचा साधा डायपोल, म्हणजे सुमारे २० मीटर तार, दोन माणसे उतरवतात. मास्टवर (अँटेनाच्या खांबावर) फिरती बीम, म्हणजे एका दिशेला रोखणारी अँटेना, असेल तर चार माणसे आणि कोरडा, वारा नसलेला दिवस लागतो. आधी बीम आणि रोटेटर खाली, मग मास्ट आडवा, ताणाच्या तारा सगळ्यात शेवटी. तारा आधी ढिल्या केल्या की वरचे वजन कुठल्याही बाजूला जाते. मास्टच्या उंचीपेक्षा कमी अंतरावर विजेची तार असेल तर वीज कंपनीला सांगून ती बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नका. शेवटी स्लॅबमधली अँकर बोल्टची भोके वॉटरप्रूफिंगच्या सिमेंटने बुजवा; नाहीतर पुढच्या जुलैत खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येईल आणि गेलेल्या मित्राचे नाव त्यावरून निघेल.

लॉग आणि उरलेली कार्डे

आमच्या मते सगळ्यांत मोलाचे काम हे, आणि क्लब नेमके हेच टाळतात, कारण त्याला दोन-तीन महिने लागतात. गेलेल्या सभासदाने केलेल्या संपर्कांच्या पोचेची वाट कुणीतरी अजून पाहत असते.

संगणकातल्या लॉगची एडीआय फाइल (बहुतेक लॉग प्रणालींना वाचता येणारी) काढून दोन ठिकाणी ठेवा. टीक्यूएसएल प्रणाली (संपर्काची पुष्टी ऑनलाइन करणारी) असेल तर तिची बॅकअप फाइलही घ्या. कागदी वह्या ३०० डीपीआयवर स्कॅन करा, पेन्सिलीने लिहिले असेल तर ग्रेस्केलमध्ये. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे की भारतीय, हे आधी ठरवा. सुरुवातीच्या वह्यांत अनेकांनी घरच्या घड्याळाची वेळ लिहिलेली असते. साडेपाच तास वजा न करता कार्ड भरले तर समोरच्याच्या लॉगशी वेळ जुळत नाही, आणि पहाटेच्या संपर्काची तारीखही एक दिवस पुढची पडते. ओळखायची युक्ती सोपी: परदेशी स्टेशनचे आलेले एखादे कार्ड घ्या आणि त्याच संपर्काची वहीतली नोंद ताडून बघा.

मग खणातली कार्डे तीन गठ्ठ्यांत लावा: उत्तर गेलेली, उत्तर बाकी असलेली आणि लॉगमध्ये न सापडणारी. बाकी असलेल्यांना गेलेल्या सभासदाच्याच छापील कार्डावर उत्तर द्या. कॉलसाइन, तारीख, यूटीसी, बँड, मोड, आरएसटी (संदेश किती स्पष्ट आला त्याचा आकडा) लॉगवरून उतरवा, कोपऱ्यात ‘एसके, लॉगवरून क्लबतर्फे’ असे लिहून भरणाऱ्याने स्वतःच्या कॉलसाइनसह सही करावी. त्यांची सही गिरवू नका. लॉगमध्ये नसलेला संपर्क भावनेपोटी मान्य करू नका. छापील कार्डे संपली असतील तर १४ बाय ९ सेंटिमीटरची नवी छापा, पण ठळक जागी क्लबचा कॉलसाइन घाला आणि त्यांचा मजकुरात. उलटे केले तर घेणारा ते त्यांनीच पाठवलेले कार्ड समजेल. जुना संग्रह घरी नको असेल तर रद्दीत जाऊ देऊ नका. व्हिएन्नातले रेडिओ दस्तऐवजांचे संग्रहालय, डोकुमेंटात्सिओन्सआर्खिव्ह फुंक, जगभरची क्यूएसएल कार्डे जतन करते.

ब्युरोमार्गे (कार्डांची देवाणघेवाण करणाऱ्या केंद्रामार्गे) येणारी कार्डे पुढची काही वर्षे येत राहतात. एआरएसआयच्या (अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया) क्यूएसएल ब्युरोला कळवून ती क्लबच्या एका सभासदाकडे वळवून घ्या, आणि लॉगची एक प्रत त्याच सभासदाकडे ठेवा.