ओढ्यातलं फ्लाय फिशिंग: फ्लाय बदलण्याआधी या चुका टाळा

टेक्ससमधल्या राउंड रॉक, सीडर पार्क, लिअँडर या गावांत आता बरीच मराठी कुटुंबं आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरापासून ब्रशी क्रीक अगदी जवळ आहे. सायकलच्या वाटेला लागून वाहणारा हा ओढा रोज दिसतो. त्यात मासे आहेत, तेही चांगले झुंजणारे, हे फार कमी जणांना माहीत असतं. ग्वाडालूप बास हा फक्त टेक्ससमध्ये सापडणारा आणि 1989 पासून राज्याचा मानाचा मासा या पाण्यात मिळतो. त्याच्या जोडीला लार्जमाउथ बास, ब्ल्यूगिल, लालसर पोटाचा रेडब्रेस्ट, लॉंगइअर हे सनफिश आणि नशीब असेल तर निळ्या ठिपक्यांचा रिओ ग्रँड सिक्लिड.

फ्लाय फिशिंग म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून केलेल्या नकली किड्याने, म्हणजे फ्लायने, मासे गरवणं. त्याचे बहुतेक व्हिडिओ थंड पाण्यातल्या ट्राउट माशाचे असतात. ते पाहून शिकलेला माणूस इथे आला की मासा लागला नाही म्हणून डबी उघडतो आणि फ्लाय बदलतो. पुन्हा नाही लागला की पुन्हा बदलतो. खरं तर ओढ्यातला सनफिश फ्लायच्या बाबतीत फारसा चोखंदळ नसतो. तोंडात मावेल आणि जिवंत वाटेल असं काहीही तो एकदा चाखून बघतो. चूक बहुतेक वेळा आपल्या पायांत, हातांत नाहीतर फ्लाय फेकायच्या दोरीत, म्हणजे लाइनमध्ये असते, आणि ती दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

मासे दिसतात, पण आपण पोचताच पळतात

सगळ्यात जास्त मासे इथेच हातचे जातात. आल्या आल्या बूट घालून सरळ पाण्यात उतरायचं आणि मधल्या डोहाकडे फ्लाय फेकायची, असं बहुतेक जण करतात. ब्रशी क्रीकचा तळ चुनखडीचा आहे, पाणी उथळ आणि बहुतेक दिवस काचेसारखं असतं. राउंड रॉक हे नाव ज्या गोल खडकावरून पडलं, तो याच ओढ्यात आहे. चिझम ट्रेल या जुन्या वाटेवरून गुरं हाकणारे त्या खडकाची खूण धरून ओढा ओलांडायचे, कारण तिथे पाणी कमी आणि तळ पक्का. अशा पाण्यात तुम्हाला मासा दिसतो त्याच्या आधी त्याला तुम्ही दिसलेले असता.

पाण्यात उतरण्याआधी काठापासून चार पावलं मागे थांबा आणि काठाला लागून असलेली पहिली तीन-चार फुटांची पट्टी आधी गरवा. चांगले रेडब्रेस्ट बऱ्याचदा तिथेच, मुळांच्या सावलीत असतात. मासे प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात, म्हणून खालून वर, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने चाला. सूर्य पाठीशी असेल तर सावली कुठे पडते ते बघा. उघड्यावर असाल तर गुडघे टेका. पाण्यात उतरावंच लागलं तर पाय उचलून आपटू नका, सरकवा. खडकावर बुटाचा आवाज झाला की सगळा डोह पाचेक मिनिटं गप्प होतो. त्या वेळात दहा फ्लाय बदलल्या तरी उपयोग नाही. तिथेच स्थिर उभं राहिलं की मासे पुन्हा फिरू लागतात.

डोहाच्या मध्यावर तासभर, हाती काही नाही

बघायला सुंदर असलेला उघडा, उन्हातला डोह उन्हाळ्यात दुपारी जवळजवळ रिकामा असतो. ब्ल्यूगिल आणि लार्जमाउथ पडलेल्या झाडांच्या फांद्यांत, काठाखालच्या पोकळीत, पुलाच्या सावलीत सापडतात. ग्वाडालूप बासची सवय मात्र निराळी. त्याला वाहतं पाणी आवडतं. खळाळ संपून डोह सुरू होतो त्या जागी, मोठ्या दगडाच्या मागे, जोराची धार आणि संथ पाणी यांच्या सीमेवर तो दबा धरतो. तिथे 8 नंबरच्या गळाचा वूली बगर (पिसांच्या शेपटीची, पाण्यात बुडणारी फ्लाय) आडवा टाकून धारेबरोबर वळू द्या. वळण पूर्ण होऊन लाइन ताठ होते त्या क्षणी बहुतेक धडका बसतात, आणि नेमक्या त्याच क्षणी घाईचा माणूस फ्लाय उचलून घेतो.

जून ते सप्टेंबर या काळात पहाटेचे पहिले दोन तास आणि सूर्यास्ताच्या आधीचा तास, एवढंच खरं. दुपारी जायचंच असेल तर पॉपर (पाण्यावर तरंगत आवाज करणारी फ्लाय) बाजूला ठेवा, मणी लावलेली जड फ्लाय घ्या आणि ती तळापर्यंत बुडू द्या.

पॉपर टाकला, गडबड केली, कोणी आलं नाही

पॉपर पाण्यावर पडला की गोल लाटा उठतात. त्या पूर्ण विरेपर्यंत पॉपरला हात लावायचा नाही. हे जमायला वेळ लागतो, कारण हातात लाइन असली की बोटं शिवशिवतात. पण आवाजाने दचकून फूटभर मागे सरलेला ब्ल्यूगिल याच शांततेत परत येतो आणि पॉपरच्या खाली येऊन त्याच्याकडे टक लावून बघत राहतो. मग एक हलका झटका, एवढा की रबरी पाय थरथरावेत. पुन्हा थांबा. पाणी उडवणारे मोठे झटके गढूळ पाण्यात किंवा संध्याकाळच्या अंधुक उजेडात लार्जमाउथसाठी ठीक आहेत. स्वच्छ पाण्यात भर सकाळी त्यांनी सनफिश पळून जातात.

टपटप चावे येतात, पण मासा अडकत नाही

ही तक्रार सर्वात जास्त ऐकू येते. तिचं कारण बहुधा गळाचा आकार असतं. हाताच्या पंजाएवढ्या ब्ल्यूगिलचं तोंडही वाटाण्यापेक्षा थोडंच मोठं असतं. 4 किंवा 6 नंबरचा बासचा पॉपर त्यात जातच नाही. मासा फक्त रबरी पाय ओढून बघतो, आपल्याला ती धडक वाटते आणि आपण झटका देतो. गळाचा नंबर वाढतो तसा आकार लहान होतो, हे लक्षात ठेवून 10 किंवा 12 वर या. पाय फार लांब असतील तर कात्रीने अर्धे करा. तरीही टपटप थांबत नसेल तर पॉपरच्या गळाच्या वळणाला दीड फूट टिपेट (टोकाचा बारीक दोरा) बांधून त्याला 12 किंवा 14 नंबरची लहान निंफ (पाण्याखालच्या किड्यासारखी, बुडणारी फ्लाय) लावा. वर कुतूहलाने आलेला मासा खालची निंफ शांतपणे गिळतो. पॉपर बाजूला सरकला किंवा बुडाला की लाइन ओढायची. दीड फुटापेक्षा जास्त टिपेट लावू नका, फेकताना गुंता होतो.

दुसरं कारण ढिली लाइन. रॉडचं टोक आकाशाकडे आणि लाइनचा झोळ पाण्यावर, अशा अवस्थेत चावा कळला तरी गळ रुतत नाही. टोक पाण्याला टेकेल इतकं खाली ठेवा, लाइन बोटाखाली धरा आणि झोळ दिसला की लगेच गोळा करा.

बास लागला, उसळला आणि सुटला

ट्राउटची सवय इथे नडते. ट्राउटला गळ लावताना रॉड वर उचलतात. बासचं तोंड कठीण असतं आणि वर उचललेला रॉड वाकून सगळा जोर स्वतःच शोषतो. त्यामुळे गळ वरवर टोचतो आणि पहिल्या उडीत निघून जातो. बाससाठी रॉड हलवू नका. टोक त्याच्याकडेच असू द्या आणि लाइनच्या हाताने लाइन सरळ, लांब आणि ठामपणे मागे खेचा. याला स्ट्रिप सेट म्हणतात. वजन जाणवलं की मग रॉड उचला. याचा आणखी एक फायदा आहे. मासा हुकला तरी फ्लाय पाण्यातच राहते, आणि तोच बास दोन फुटांवर वळून पुन्हा येतो.

टिपेट 5 एक्स किंवा 6 एक्स असेल तर तोही बदला; एक्सचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. या ओढ्याला साडेसात फुटांचा लीडर (लाइनच्या पुढचा निमुळता दोरा) आणि टोकाला 3 एक्स किंवा 4 एक्स पुरतो. बारीक टिपेटवर पॉपर फिरतो, दोऱ्याला पीळ बसतो आणि पहिल्या फांदीशी तो तुटतो.

लाइन चिकटते, फ्लाय झाडात जाते

थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन टेक्ससच्या 100 अंश फॅरनहाइटमध्ये मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांना चिकटते. लांब फेक जमत नाही म्हणून माणूस जोर लावतो आणि फेक आणखी बिघडते. आधी लाइन साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा. उन्हाळाभर इथेच गरवायचं असेल तर उष्ण पाण्याची तरंगती लाइन घ्या. 4 किंवा 5 वेटचा रॉड (हा आकडा रॉड किती जड लाइनसाठी आहे ते सांगतो) असेल तर पॉपर आणि वूली बगर दोन्ही चालतात.

फेकताना चाबकासारखा फटकारा ऐकू आला, तर मागे गेलेली लाइन उलगडायच्या आत तुम्ही पुढे ओढली आहे. अशाने फ्लाय तुटून जाते आणि ते लगेच कळतही नाही. काही वेळ चावे आले नाहीत तर लाइन ओढून फ्लाय जागेवर आहे ना, हे बघा. मागे झाडं असतील तर डोक्यावरून फेकायचा हट्ट सोडून रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता पुढे उलगडत टाकायची फेक, शिका. ओढ्यावर 25-30 फूट पुष्कळ झाले.

घरटी तुडवू नका

वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत उथळ पाण्यात ताटाएवढी गोल, शेवाळ झाडून लख्ख केलेली खडीची वर्तुळं दिसतात. ती सनफिशची घरटी. नर शेपटीने जागा साफ करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पुढे अंडी-पिल्लं नरच राखतो. तो जागा सोडत नाही आणि समोर येईल त्याच्यावर धावून जातो, म्हणून त्याला पकडणं अगदी सोपं असतं. त्याला दूर नेलं की इतर मासे मिनिटाभरात अंडी खाऊन टाकतात. तिथे फ्लाय टाकू नका आणि चालताना त्या वर्तुळांना वळसा घाला. या एका बाबतीत मी कुठलीही सवलत मानत नाही.

पकडलेला मासा

हात ओला करूनच मासा धरा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला संसर्ग होतो. सनफिशच्या पाठीवरचे काटे टोचतात. डोक्याकडून शेपटीकडे तळहात फिरवला की ते मिटतात. गळाची उलटी खाच पक्कडीने आधीच दाबून टाका. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून झुंज लांबवू नका आणि फोटोसाठी मासा तापलेल्या खडकावर ठेवू नका.

खाण्यासाठी घ्यायचा असेल तर सनफिश घ्या. रव्यात घोळून तव्यावर छान लागतो, फक्त काटे सांभाळा. ग्वाडालूप बास मात्र पाण्यात परत सोडा. 1970 च्या दशकापासून राज्याने सोडलेल्या स्मॉलमाउथ बासशी संकर होऊन कित्येक ठिकाणी त्याची शुद्ध जात धोक्यात आली आणि ती सावरायला बरीच मेहनत घ्यावी लागली आहे.

परवाना आणि पाऊस

17 वर्षं पूर्ण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफचा परवाना लागतो, मासे सोडून देणार असाल तरी. नेहमीचा वार्षिक परवाना कधीही घेतला तरी 31 ऑगस्टला संपतो. जुलैमध्ये घेत असाल तर खरेदीच्या तारखेपासून वर्षभर चालणारा प्रकार बघा. राज्य उद्यानांच्या आवारात, काठावरून गरवायला परवाना लागत नाही. मुलांना पहिल्यांदा न्यायला ही सोय चांगली.

पावसाबाबत मात्र हयगय नको. मध्य टेक्ससच्या या पट्ट्याला फ्लॅश फ्लड अ‍ॅली म्हणतात. उथळ माती, खाली खडक, त्यामुळे पाणी मुरत नाही आणि थेट ओढ्यात येतं. 4 जुलै 2025 च्या पहाटे ग्वाडालूप नदीच्या पुरात शंभराहून जास्त माणसं गेली. तुमच्या डोक्यावर आकाश निरभ्र असलं तरी वरच्या अंगाला ढग दाटले असतील, पाणी गढुळायला लागलं असेल किंवा काड्या-पानं वाहून येत असतील, तर सामान तसंच सोडून उंच जागी जा.

पूर ओसरल्यावर पाणी गढूळ तपकिरी असेपर्यंत थांबा. ते हिरवट झालं आणि गुडघाभर पाण्यात बुटाची टोकं अंधुक दिसायला लागली की जा. काळा वूली बगर काठाला चिकटून, नेहमीच्या निम्म्या वेगाने ओढा.