पर्यावरणशास्त्रात बीएस्सी करताय? बाटली पाण्यात बुडवण्याआधी या चुका टाळा

जून लागला की आमच्या गल्लीतल्या कुणीतरी काकू दारातच गाठतात. "पोरीला पर्यावरणाला घातलंय. सोप्पं असतंय की?" काकूंचा दोष नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीच्या सगळ्या शाखांना 'पर्यावरण अभ्यास' सक्तीचा झाला, आणि बीकॉमवाल्यांपासून इंजिनिअरिंगवाल्यांपर्यंत सगळे तो आदल्या रात्री वाचून पास होतात. पर्यावरणशास्त्राची पदवी म्हणजे तोच विषय जरा लांबवलेला, असा घरोघरी समज आहे. हातात ब्युरेट, म्हणजे रसायन थेंबथेंब मोजून सोडायची काचेची नळी, आली की तो उतरतो.

मी हीच पदवी घेऊन आता पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. प्रोजेक्टसाठी येणाऱ्या पोरापोरींच्या बाटल्या आणि वह्या बघतो. त्यांच्या बऱ्याचशा चुका मी आधीच करून बसलोय.

केमिस्ट्री सुटली, असं समजणं

बारावीत केमिस्ट्रीने छळलं म्हणून इकडे वळलेले पुष्कळ. पण पाणी घ्या, हवा घ्या, माती घ्या, ती आडवी येतेच. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, आमच्या भाषेत 'डीओ', विंकलर पद्धतीने काढायचा तर कागदावर चार ओळींचं काम आहे. ३०० मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरा, मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड-अझाइड घाला, तपकिरी साका, म्हणजे गाळ, तळाशी बसू द्या, सल्फ्युरिक आम्लाने तो विरघळवा आणि थायोसल्फेटने टायट्रेशन करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब सोडा आणि किती लागलं ते मोजा.

आता बिघडतं कुठे ते बघा. साका पांढराच राहिला की रसायनं खराब झाली म्हणून पोरं सगळं ओतून देतात. पण पाण्यात ऑक्सिजनच नसेल तर साका पांढराच राहणार. तोच तुमचा निकाल असतो. झाकण लावताना बुडबुडा आत राहिला तर हवेतला ऑक्सिजनही मोजला जातो. रसायन घालताना पिपेटचं टोक पाण्याच्या आत धरा, वरून थेंब टाकू नका. स्टार्च सुरुवातीलाच ओतला तर निळा रंग हटता हटत नाही आणि रीडिंग फुगतं. आधी रंग वाळल्या काडीसारखा फिकट पिवळा होऊ द्या, मग स्टार्च, तोही त्याच दिवशी केलेला. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये कालचं स्टार्चचं द्रावण आज नाकाजवळ नेववत नाही.

थायोसल्फेटची बाटलीही कपाटातून काढली आणि वापरली, असं नको. ठेवून ठेवून त्याची तीव्रता बदलते, म्हणून आधी प्रमाणित करून घ्या. २०० मिलिलिटर नमुन्याला ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेट जितके मिलिलिटर लागेल तितका डीओ, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. हा सोपा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. तो त्या ०.०२५ वर उभा आहे, हे मात्र विसरलं जातं.

घड्याळ न बघता नमुना घेणं

दुसऱ्या वर्षी मी गावाकडच्या एका शेवाळलेल्या तळ्यावर दुपारी दीडला गेलो. डीओ आला ११. तीस अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅमपर्यंतच मावतो, एवढं पुस्तकातून माहीत होतं. म्हणजे आपलंच चुकलं. मी ११ गिरवून गिरवून खोडला आणि शेजारी ७ लिहिलं. सरांनी पान उजेडासमोर धरलं, खोडलेला आकडा वाचला आणि एवढंच म्हणाले, "उद्या पहाटे पाचला जा." पहाटे आला २.

दोन्ही आकडे खरे होते. दिवसा शेवाळ इतका ऑक्सिजन सोडतं की पाणी मर्यादेच्या वर भरतं, आणि रात्री तेच शेवाळ श्वासासाठी तो संपवतं. अशा तळ्यात मासे बहुधा पहाटे मरतात ते यामुळे. दुपारच्या एका बाटलीवरून 'पाणी उत्तम आहे' असा निष्कर्ष लिहिणारे रिपोर्ट मी अजूनही बघतो. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, काठावरून घेतलं की आत जाऊन, हे सगळं जागेवरच लिहा. आकडा खोडायचाच असेल तर एकच रेघ मारा, खालचा वाचता आला पाहिजे.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप. त्याच्या नमुन्याचे हाल तर विचारू नका. मे महिन्यात बाटली गाडीच्या डिकीत टाकून पोरं आधी रसपान करून येतात. तोवर आतल्या जिवाणूंनी निम्मं जेवण उरकलेलं असतं. थर्माकोलचा डबा आणि बर्फाचे खडे, एवढ्याने काम भागतं. आणखी एक घोळ असा, की परदेशी पुस्तकात पाच दिवस आणि २० अंश लिहिलेलं असतं, तर भारतीय मानक पद्धतीत तीन दिवस आणि २७ अंश. आपल्या हवेला दुसरी पद्धत सोयीची. दोन्ही चालतात, पण कोणती वापरली ते लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

टीडीएस मीटरवर भरवसा

पेनासारखं मीटर बुडवायचं आणि पाणी 'शुद्ध' ठरवायचं, हे जारवाल्याने केलं तर समजू शकतो. ते मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. बोअरचं पाणी ९०० आलं म्हणून ते विष ठरत नाही, आणि ८० आलं म्हणून बिनघोर पिण्याजोगंही ठरत नाही.

दिसला माळ की झाडं लावणं

वृक्षारोपणाचे फोटो जोडून फील्डवर्क संपवणाऱ्यांना मी एकदा सोलापूरजवळच्या नान्नजला जायला सांगतो. १९७९ मध्ये तिथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. सरकारी भाषेत असल्या जमिनीला पडीक म्हणायची सवय, पण माळढोक, काळवीट, लांडगा, चंडोल यांचं घर हा उघडा गवताळ माळच आहे. जमिनीवर अंडं घालणाऱ्या पक्ष्याला लांबवर दिसावं लागतं. तिथे दाट झाडी उभी केली की त्याचं घर मोडतं. हे नुसतं वाचून पटत नाही. हातात चौकट घेऊन एक चौरस मीटरमधलं गवत मोजायला बसा. 'नुसतं गवत' म्हणता म्हणता किती जाती निघतात ते बघा.

जोडीचा विषय मित्राला विचारून निवडणं

हे थोडक्यात, पण यात वर्षं जातात. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, पशुसंवर्धन यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर शेती, वानिकी किंवा इंजिनिअरिंगची पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. डोक्यात वनसेवा असेल तर जोडीचा विषय पहिल्याच वर्षी नीट बघून घ्या. नेट आणि गेट या परीक्षांना मात्र आपल्या विषयाचा स्वतंत्र पेपर आहे.

दुसऱ्या गावाचं प्रोजेक्ट उचलणं

सोलापुरातल्या नाल्यावरच्या एका रिपोर्टच्या निष्कर्षात मला मुळा-मुठा वाहताना सापडली होती. कॉपी करणाऱ्याला नदीचं नाव बदलायचाही कंटाळा. विषय सापडत नाही म्हणणाऱ्यांनी घरातल्या मोरीत डोकवावं. आपल्याकडे कित्येक भागांत नळ काही दिवसांआड येतो आणि पाणी बॅरलमध्ये साठतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरला पाहिजे, असं मानक सांगतं. पण साठवलेल्या पाण्यातून तो उडत जातो. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी किती उरला? झाकण असलेल्या आणि उघड्या बॅरलमध्ये किती फरक पडतो? खर्च क्लोरीन तपासायच्या एका छोट्या किटचा.

काकूंच्या पोरीने हाच विषय घेतलाय. रोज संध्याकाळी सातला ती बॅरलचं झाकण उघडते, परीक्षानळी भरते आणि वहीत आकडा टाकते. आतून काकूंचा आवाज येतो, "सांडू नको गं, नळ आता परवाच यायचाय."