पावसाळ्याआधी कोयता घेताना
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोयता घेताना धारेआधी मूठ बघा. पात्याची शेपटी मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेली आणि रिव्हेटने पक्की बसवलेली हवी. नुसती खोचलेली मूठ जोराच्या घावाला निसटते, आणि पातं कुठे उडेल सांगता येत नाही. चकचकीत स्टेनलेसपेक्षा गाडीच्या कमानपाट्याचं (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचं) काळपट पातं मला केव्हाही बरं वाटतं. त्याची धार टिकते, घरीच दगडावर लावता येते. गंजतं मात्र लवकर, म्हणून काम झालं की पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा. झावळ्या आणि कुंपणाचं रान यांना 10-12 इंची पातं पुरे. वादळात वाटेवर पडलेली फांदी तोडायलाही तेच उपयोगी; पण फांदीत विजेची तार गुंतली असेल तर कोयता लावूच नका, लांब थांबून वीज खात्याच्या 1912 वर फोन करा.