माळ्यावरचे जी. आय. जो कोणाच्या हाती द्यावेत? चाहत्यांचे प्रकार ओळखण्याची रीत

जुने घर रिकामे करताना किंवा रंगकामासाठी माळा उतरवताना एखाद्या खोक्यात जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांच्या फिगर्स, म्हणजे हातपाय वाकवता येणाऱ्या प्लास्टिकच्या बाहुल्या, सापडतात, आणि बहुतेक जण त्याच दिवशी तीन गोष्टी करून मोकळे होतात: फिगर्स साबणाच्या पाण्यात घासून धुतात, तुटलेला हात फेविक्विकने चिकटवतात आणि ‘याचे किती येतील?’ असे विचारत फोटो चार ठिकाणी पाठवतात. या तिन्ही गोष्टी थोडा काळ थांबवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. किमतीच्या आधी या खेळण्याकडे पाहणारा माणूस कोणत्या प्रकारचा चाहता आहे, हे विचारायला हवे. कारण एकाला जी दुरुस्ती वाटते ती दुसऱ्याला नासधूस वाटते, आणि धुतलेला रंग किंवा फाडलेले वेष्टनाचे पुठ्ठ्याचे कार्ड पुन्हा पूर्ववत होत नाही. आपण स्वतःच संग्रह सुरू करणार असाल, तर हाच प्रश्न स्वतःला विचारावा.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९६४ साली आणलेला पहिला जी. आय. जो सुमारे बारा इंच उंच होता आणि कापडी गणवेश घालत असे. आपल्याकडच्या लोकांना आठवतो तो हा नव्हे. १९८२ साली कंपनीने पावणेचार इंची फिगर्सची मालिका नव्याने सुरू केली, प्रत्येक सैनिकाला टोपणनाव आणि स्वतंत्र पूर्वायुष्य दिले आणि त्यांच्यासमोर कोब्रा ही शत्रुसंघटना उभी केली. भारतात ही मालिका फनस्कूलने आणली. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली सुरू झालेल्या या कंपनीने गोव्यात कारखाना उभारला, आणि हॅस्ब्रोच्या साच्यांमधून निघालेल्या फिगर्स इथल्या दुकानांत पोहोचू लागल्या. अमेरिकेत मूळ मालिका १९९४ साली थांबली, तरी भारतातले उत्पादन त्यानंतरही चालू राहिले. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे चाहत्यांच्या एका अख्ख्या प्रकाराची ओढ तिच्यावरच उभी आहे.

आठवणीचा चाहता

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा चाहता हाच. त्याला ओळखण्यासाठी ‘लहानपणी तुमच्याकडे कोणता होता?’ एवढेच विचारावे. तो मालिकेविषयी न बोलता एका विशिष्ट फिगरविषयी बोलू लागतो: बीच हेड होता, त्याची बंदूक गच्चीवरून पडली, वाढदिवसाला स्नेक आइज मागितला होता पण मिळाला दुसराच. त्याला पूर्ण संच नको असतो आणि सीलबंद पाकीट तर मुळीच नको असते, कारण फिगर हातात घेऊन कोपर वाकवून पाहणे हाच त्याचा आनंद असतो. रंग थोडा उडालेला असला तरी त्याचे काही बिघडत नाही. फिगर सैल पडून कमरेत मोडल्यासारखी लोंबत असेल, तर मात्र तो हळहळतो.

ही लोंबणारी कंबर दुरुस्त करणे सोपे आहे, आणि या चाहत्यासाठी ती जरूर करावी. या फिगर्सच्या आत एक छोटी काळी रबरी रिंग असते, तिला ओ-रिंग म्हणतात. वर छातीतल्या स्क्रूच्या खुंटीला आणि खाली दोन्ही पाय धरणाऱ्या धातूच्या आकड्याला ती ताणून धरते. वीस-तीस वर्षांत रबर कडक होऊन तुटते आणि फिगरचे दोन तुकडे होतात. पुष्कळ लोक तेवढ्यावरून फिगर मोडली असे समजून ती टाकून देतात, याचे मला फार वाईट वाटते. दुरुस्तीसाठी पाठीवरचा स्क्रू नेमक्या मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने सावकाश सोडवावा. पाठीचा भाग उचलला की डोके आणि हात आपोआप सुटे होतात, म्हणून खाली पांढरा रुमाल पसरून ठेवावा. जुनी रिंग किंवा तिचे तुकडे घेऊन नळाच्या सामानाच्या अथवा ऑइल सीलच्या दुकानात जावे आणि त्याच जाडीची व व्यासाची रिंग मागावी. नवी रिंग आकड्यात अडकवून कमरेच्या भागातून वर घ्यावी, खुंटीवर चढवावी, हात व डोके आपापल्या खाचेत बसवावे आणि पाठ बंद करावी. स्क्रू घट्ट लागला की तिथेच थांबावे. आणखी अर्धा फेरा दिला तरी जुने प्लास्टिक तडकू शकते.

बंदूक हातात देतानाही जपावे. या फिगर्सचे अंगठे हमखास तुटतात, कारण काही शस्त्रांच्या मुठी पंजाच्या मानाने जाड असतात. मूठ कोमट पाण्यात क्षणभर धरून मऊ करावी आणि मग हळूच सरकवावी.

सीलबंद ठेवणारा आणि संच पूर्ण करणारा

हे दोघे लांबून सारखे दिसतात, पण त्यांची गल्लत करू नये. सीलबंद ठेवणाऱ्याला पुठ्ठ्याचे कार्ड, त्यावरचे चित्र आणि फिगर झाकणारा पारदर्शक प्लास्टिकचा फुगा जसा दुकानात होता तसाच हवा असतो. तो आधी कार्डाचे कोपरे पाहतो, मग फुगा पिवळा पडला आहे का ते पाहतो, आणि फिगरकडे सर्वांत शेवटी वळतो. अशी वस्तू आपल्याकडे असेल तर काहीही पुसू नये आणि दुकानदाराने लावलेले किमतीचे लेबलही काढू नये. ते काढताना त्याच्यासोबत कार्डाचा वरचा छापील थर निघून येतो, आणि रुपयांतली ती जुनी किंमत कित्येकांना हवीशीही वाटते. अमेरिकेत अशा वस्तूंची प्रत ठरवून त्यांना गुण देणाऱ्या सेवा आहेत, एएफए ही त्यांतली परिचित. परंतु तिकडे पाठवण्याचा आणि परत आणण्याचा खर्च वस्तूच्या किमतीला परवडतो का, हे आधी पाहावे.

संच पूर्ण करणाऱ्याला उघडलेली फिगर चालते, मात्र तिच्याबरोबर आलेली प्रत्येक लहान वस्तू लागते: शिरस्त्राण, पाठीवरची पिशवी, बंदूक आणि विशेषतः परिचयपत्र. कार्डाच्या मागे छापलेल्या या परिचयपत्रात सैनिकाचे खरे नाव, जन्मगाव, मुख्य व दुय्यम कौशल्य आणि त्याच्या स्वभावाविषयी चार ओळी असत. स्नेक आइजच्या पत्रात नावाच्या जागी ‘गोपनीय’ अशा अर्थाचा शब्द होता, आणि लहान मुलांना त्याच्याविषयी कुतूहल वाटण्यास तेवढे पुरेसे होते. ही पत्रे तुटक रेषेवरून कापून जपून ठेवावीत अशीच त्यांची रचना असल्यामुळे मुलांनी ती कापली, आणि कापलेले कागद पहिल्याच आवराआवरीत रद्दीत गेले. म्हणून खोक्याच्या तळाशी, जुन्या वह्यांमध्ये, पत्त्यांच्या डब्यात नीट शोधावे. काळ्या प्लास्टिकची सुटी बंदूक हा कचरा नव्हे. ती कोणाची हे ठाऊक नसले तरी एका वेगळ्या पाकिटात ठेवावी. हा चाहता तिला पाहताक्षणी मालकाचे नाव सांगेल.

देशोदेशीचे फरक शोधणारा

आपल्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याच्याविषयीच आपल्याकडे सर्वांत कमी माहिती आहे. हॅस्ब्रोचे साचे जगभर फिरले. ब्राझीलमध्ये एस्त्रेला, अर्जेंटिनात प्लास्टिरामा आणि भारतात फनस्कूल यांनी आपापल्या फिगर्स काढल्या. स्थानिक प्लास्टिक आणि रंग वेगळे असल्यामुळे एकाच साच्यातून निघालेला सैनिक अमेरिकेत एका रंगाचा, तर इथे भलत्याच छटेचा झाला. लहानपणी ज्याला आपण ‘रंग चुकलेला’ म्हणत होतो, तेच या चाहत्याला हवे असते. अमेरिकेतले संग्राहक फनस्कूलच्या फिगर्स आवर्जून मागवत आले आहेत, आणि त्यांना त्या अमेरिकी फिगर्सची नक्कल म्हणून नको असतात. इथल्या स्वतंत्र आवृत्ती म्हणून हव्या असतात.

अशा चाहत्याशी बोलताना ‘ही ओरिजिनल आहे, अमेरिकेची आहे’ असे सांगून भाव वाढवण्याचा प्रयत्न करू नये, कारण तो भारतीय फिगरच शोधत आला असण्याचा संभव असतो. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, फ्लॅश न वापरता पुढून आणि मागून फोटो काढावेत, म्हणजे रंगाची खरी छटा दिसेल. फनस्कूलचे नाव असलेले कार्ड किंवा कार्डाचा तुकडा असेल तर त्याचाही फोटो द्यावा. आणि रंग ‘सुधारू’ नये. पिवळे पडलेले पांढरे प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवण्याची पद्धत प्रचलित आहे, पण त्यात मूळ रंगकामही फिके पडू शकते. ज्याच्यासाठी रंग हाच पुरावा आहे, त्याच्या हाती अशी फिगर देणे म्हणजे पुरावा पुसून देणे होय. गोव्यात खेळणी बनवणाऱ्या कारखान्याचा हा इतिहास आपल्या माळ्यांवर पडून आहे, आणि तो जपण्याचे काम परदेशी संग्राहकांइतक्याच आस्थेने इथल्या लोकांनीही करावे, असे मला मनापासून वाटते.

कथेचा चाहता

याला खेळण्यापेक्षा पात्रे प्रिय असतात. यातही दोन पक्ष आहेत आणि त्यांच्यात जुना वाद आहे. मार्व्हलचे कॉमिक १९८२ ते १९९४ या काळात १५५ अंक चालले. त्यातले जवळजवळ सर्व अंक लॅरी हामा यांनी लिहिले आणि परिचयपत्रांमागेही मुख्यतः त्यांचीच लेखणी होती. हामा स्वतः अमेरिकी सैन्यात राहून आलेले असल्यामुळे त्यांच्या सैनिकांच्या बोलण्यात आणि थकव्यात खरेपणा आहे. १९८४ साली आलेला २१वा अंक तर एकही शब्द न वापरता सांगितलेला आहे, आणि स्नेक आइज व कोब्राकडचा निंजा स्टॉर्म शॅडो यांच्यातल्या नात्याचा पहिला धागा तिथे, हातावरच्या सारख्या खुणेतून दिसतो. दूरचित्रवाणीवरच्या कार्टूनमध्ये मात्र गोळीबार भरपूर, पण मरत कोणीच नाही, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांना सुरक्षिततेचा धडा असे.

दोन्ही पक्ष ओळखण्यासाठी कोब्राचा म्होरक्या कोब्रा कमांडर पूर्वी कोण होता, असे विचारावे. कॉमिक वाचलेला माणूस ‘जुन्या गाड्यांचा विक्रेता’ म्हणेल. कार्टूनवर वाढलेल्याला १९८७च्या अ‍ॅनिमेशनपटातले त्याचे सर्पात झालेले रूपांतर आठवेल. या चाहत्याला फिगर द्यायची असेल तर ती त्याच्या लाडक्या पात्राची असावी. जुने कॉमिक सापडले तर आधी त्याला कळवावे आणि सुटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये.

सैन्य जमवणारा, रंगवणारा आणि छायाचित्र काढणारा

सैन्य जमवणाऱ्याला एकाच बिननावाच्या सैनिकाच्या अनेक प्रती लागतात. कोब्राचे वायपर हे त्याचे आवडते, कारण दहा वायपर एका रांगेत उभे केल्याशिवाय कोब्राची दहशत दिसत नाही. भावंडांना प्रत्येकी एक घेतल्यामुळे घरात सारख्याच तीन फिगर्स असतील, तर त्या वेगवेगळ्या न देता याला एकत्र द्याव्यात.

रंगवणारा चाहता मोडक्या फिगर्सचा खरा वाली आहे. पाठीचा एक स्क्रू सोडवला की सर्व भाग सुटे होतात आणि बहुतेक भाग एकमेकांना बसतात, त्यामुळे एकाचे धड, दुसऱ्याचे पाय आणि तिसऱ्याचे डोके घेऊन तो नवा सैनिक घडवतो. म्हणून अंगठा तुटलेली फिगरही टाकून देऊ नये. मात्र दुर्मीळ भारतीय आवृत्ती त्याच्या ब्रशखाली जाऊ देण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी दाखवून घ्यावी.

छायाचित्र काढणाऱ्याला फिगर स्वतःच्या पायांवर उभी राहणे एवढेच हवे असते. बाग, वाळू, पावसाळ्यातले शेवाळ यांत तो पावणेचार इंची युद्धभूमी उभी करतो. त्याला द्यायच्या फिगर्सची ओ-रिंग बदललेली असावी.

नवा चाहता

२००९ सालच्या चित्रपटामुळे किंवा २०२० पासून निघणाऱ्या सहा इंची क्लासिफाइड मालिकेमुळे आलेला हा चाहता जुन्या फिगर्सच्या ढोबळ चेहऱ्यांना सुरुवातीला नाक मुरडतो. त्याला हिणवू नये. भारतात खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, त्यामुळे परदेशातून नवी फिगर मागवणाऱ्याला किती जड जाते, हे त्यालाच माहीत असते. त्याला एखादी साधी, भरपूर मिळणारी जुनी फिगर हाताळायला द्यावी.

व्यवहार ठरल्यावर

किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे पाहू नयेत. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे पाहावेत. दोष आधी सांगावेत: अंगठा, कोपराच्या खिळीभोवतालची चीर, जांघेतला तुटलेला भाग आणि गंजलेला स्क्रू या चार जागांचे जवळून काढलेले फोटो दिले की पुढचे बहुतेक वाद टळतात. पाठवताना शस्त्रे फिगरच्या हातातून काढून लहान पाकिटात घालावीत, फिगर साध्या कागदात गुंडाळावी आणि रबरबँड लावू नये, कारण उन्हाळ्यात तो वितळून रंगाला चिकटतो. परिचयपत्र असेल तर ते दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावे आणि खोक्यावर पावसापासून बचावासाठी प्लास्टिकचे आवरण घालावे.