मुलांच्या पोषणाची आकडेवारी वापरताना या चुका टाळा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आहे; चौथ्या फेरीत हे प्रमाण ३४.४ टक्के होते. या दोन आकड्यांवरून कोरोनाकाळात कुपोषण वाढल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. पाचव्या फेरीवर २०१९-२१ असे छापलेले असले, तरी महाराष्ट्रातील मोजमाप २०१९ अखेर, म्हणजे टाळेबंदीपूर्वीच पूर्ण झाले होते. शिवाय हे नमुना सर्वेक्षण आहे, त्यामुळे एवढासा फरक केवळ नमुना बदलल्यानेही पडू शकतो. म्हणून तुलना करण्यापूर्वी आपल्या राज्यातील मोजणीचे महिने आणि अहवालाच्या परिशिष्टातील नमुना त्रुटी पाहाव्यात. जिल्ह्याचा नमुना त्याहून लहान असल्याने तिथे ही खबरदारी अधिकच गरजेची ठरते.

बुटकेपणा (वयाच्या मानाने कमी उंची), लुकडेपणा (उंचीच्या मानाने कमी वजन) आणि वयाच्या मानाने कमी वजन या तिन्हींना सरसकट 'कुपोषण' म्हणून त्यांच्या टक्केवारीची बेरीज करणे ही दुसरी चूक. एकच मूल बुटके आणि लुकडे दोन्ही असू शकते, त्यामुळे बेरजेत ते दोनदा मोजले जाते. बुटकेपणा दीर्घकाळच्या आबाळीतून येतो, तर लुकडेपणा आजारपणाने किंवा अन्नटंचाईने काही आठवड्यांतही वाढतो. साहजिकच दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

अंगणवाडीचा आकडा सर्वेक्षणापेक्षा बराच कमी दिसला, तर लगेच कुणावर खोटेपणाचा ठपका ठेवू नये. अंगणवाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या 'पोषण ट्रॅकर' या सरकारी ॲपमध्ये नोंदणी होऊन मोजमाप झालेलीच मुले येतात. ऊसतोडीसाठी कुटुंब गावाबाहेर गेले की त्यातले मूल त्या मोजणीतून निसटू शकते, आणि नेमक्या अशाच मुलाची आपल्याला सर्वाधिक काळजी असायला हवी. त्यामुळे टक्केवारी लिहिताना ती किती आणि कोणत्या मुलांपैकी आहे, हे शेजारीच लिहावे. मोजण्याची रीतही तपासावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार दोन वर्षांखालील मुलाची लांबी झोपवून मोजतात. ते उभे राहून मोजले असेल, तर ०.७ सेंटिमीटर मिळवावे लागतात. ते राहून गेले, तर सीमारेषेवरचे मूल विनाकारण बुटक्यांत गणले जाते.

युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांचे बालकुपोषणाचे संयुक्त अंदाज वापरताना सर्व वर्षांचे आकडे एकाच आवृत्तीतून घ्यावेत, कारण नव्या आवृत्तीत मागील वर्षांचे अंदाजही नव्याने काढले जातात.

सर्वांत महागात पडणारी चूक संशोधनाचा निष्कर्ष तेवढा उचलण्याची आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' या संस्थेतील सहकाऱ्यांनी ३९ गावांत केलेल्या घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला; ते निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पण त्या सेवेत केवळ गृहभेटी नव्हत्या. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत होत्या, वजनाची नोंद होती, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्याची सोय होती आणि कामावर नियमित देखरेखही होती. देखरेख आणि औषधे वगळून केवळ भेटींच्या अंदाजपत्रकासमोर ६२ टक्क्यांचे उद्दिष्ट लिहिणे म्हणजे ज्या बाळांसाठी तो पैसा मागितला, त्यांच्यावरच अन्याय करणे होय. मूळ शोधनिबंधातील कार्यपद्धतीचा भाग वाचून आपल्या प्रस्तावात त्यातले काय आहे आणि काय गळाले आहे, याचा तक्ता आधी करावा, आणि अपेक्षित परिणाम त्यानंतरच लिहावा.