फुटपाथवर पुतळा येतोय? आधी हे करा

चौथरा उठायच्या आत हालचाल करा. पुतळा बसला की विषय भावनेचा होतो. आमच्या परळच्या नाक्यावर चौथरा आणि गटाराच्या झाकणामध्ये एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढीच वाट उरली. शेजारच्या आजी काठी टेकत बसच्या रस्त्यावरून चालतात, बघवत नाही.

उरलेल्या रुंदीला टेप लावून फोटो काढा. परवानगीची प्रत माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. तक्रारीत सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३चा आदेश लिहा: सार्वजनिक रस्ते, फुटपाथवर पुतळ्याला परवानगी नाही.

मंडळाच्या पोरांशी भांडू नका. विरोध जागेला आहे, त्या थोर माणसाला नाही, हे आधी सांगा. पर्यायी जागा सुचवा. मुंबईतला काळा घोडा, म्हणजे राजा सातव्या एडवर्डचा पुतळासुद्धा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवलाच की. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.